झुळझुळ वाहणारी माणगंगा

फाल्गुन लागला की आमच्या गावाला हळद शिजल्याचा वास येतो. ह्या वासाला गोड म्हणता येत नाही आणि उग्रही म्हणता येत नाही. ओल्या मातीत कुणी काढा उकळत ठेवावा तसा तो असतो. सदऱ्यात बसतो, भाकरीत उतरतो, उशीला लागतो. आता हळद ज्यांत शिजायची त्या गुळाच्या मोठ्या काहिली गेल्या. वाफेवरची यंत्रं आली, ट्रॅक्टरला जोडून शेतात आणतात आणि सकाळच्या चहापासून जेवणापर्यंत सगळं रान शिजवून मोकळे होतात. वास मात्र जुनाच आहे. यंत्र बदललं म्हणून हळद काही दुसरी झाली नाही.

यंदा तो वास आला आणि मी पायरीवर बसलो तो बसूनच राहिलो. मागच्या साली ह्याच वासात इंदू गेली. इंदू म्हणजे माझी बायको. खुर्चीत बसून पेपर वाचत होती. चष्मा नाकावर, बोट ओळीवर. मी चहाला हाक मारली, तिनं ओ दिली नाही. बोट ज्या ओळीवर होतं ती मी नंतर वाचून बघितली. कुठल्यातरी सभेत कुणीतरी कुणाचा तरी सत्कार केला, अशी बातमी होती. इतकी वर्षं इतकं वाचलेल्या बाईनं असल्या फालतू ओळीवर जायला नको होतं. मला त्याचा अजून राग येतो.

वर्षश्राद्ध आलं. विलास, आमचा मुलगा, साताऱ्याला सरकारी कचेरीत आहे. तो तीन दिवसांपूर्वी आला आणि त्यानं एक कागद माझ्या पुढ्यात ठेवला. पेपरात द्यायचा मजकूर. वर तिचा फोटो येणार, खाली हे:

‘प्रेमळ, मनमिळाऊ, सदा हसतमुख. कुटुंबासाठी चंदनासारखी झिजलीस. तुझ्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन.’

“उद्या दुपारपर्यंत द्यायचाय, आप्पा. वाचा आणि हो म्हणा.”

मी वाचला. परत वाचला. म्हटलं, “ही कोण बाई?”

“असं काय करता? आईच की.”

“न्हाई रं. ही दुसरीच कोण तरी हाय. तुजी आई सदा हसतमुख? दुधात पाणी दिसलं तर गवळ्याला दारात उभा करून घाम फोडायची ती.”

विलास हसला नाही. तो दमून आला होता, आणि आई त्याचीही गेली आहे. “आप्पा, पेपरात असंच लिहितात,” तो म्हणाला.

असंच लिहितात. हे मी पूर्वी ऐकलं होतं. ह्याच वासात, ह्याच अंगणात, आणि तिच्याच तोंडून. मी कागदाची घडी घातली. म्हटलं, “थांब जरा. उद्या दुपार अजून लांब हाय.”

कारण माझं सरळ म्हणणं आहे. माणूस गेल्यावर त्याचं जे काही उरतं ते आपण त्याच्याविषयी जे बोलतो, लिहितो, तेवढंच. तिच्या नावाखाली दुसऱ्याच बाईचं वर्णन छापलं, तर इंदू पुन्हा एकदा जाणार. आणि ह्या खेपेला तिला मी घालवलेलं असणार.

मी चौथी शिकलो. पुढचं बैलांनी शिकवलं. इंदू माझ्या घरात आली ती अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, होऊन. तिचं माहेर म्हसवड, माणदेशातलं. वडील पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. सोयरीक ठरताना ते मिशीला पीळ देत म्हणाले होते, “पोरगी पुढं कालिजात जाणार. हे कबूल असंल तर सुपारी फोडा, न्हाईतर चहा घ्या आन् गाडी पकडा.” माझी आई लगेच कबूल म्हणाली. तिला वाटलं, लग्नातली बोलणी लग्नात संपतात. पण पलटणीतला माणूस. लग्नानंतर दुष्काळ पडला, तो सरला, पहिलं बरं पीक घरात आलं, तसे ते ट्रंक घेऊन दारात हजर. ट्रंकेत लेकीसाठी दोन लुगडी आणि बाकी नुसती पुस्तकं.

आईनं हात टेकले. पण एक अट घातली. “एक वरीस बघीन. नापास झालीस तर पुस्तकं बंबात.”

सांगलीला कॉलेज. सकाळी एस.टी.नं जायचं, दुपारी यायचं, आल्यावर पदर खोचून रानात. पहिल्या वर्षाला चौगुले नावाचे सर होते. सांगलीजवळच्याच एका खेड्यातल्या जैन शेतकऱ्याचा मुलगा. हातात तंबाखू मळायची सवय आणि डोक्यात भलतंच काहीतरी. नेमलेलं पुस्तक ते शिकवायचेच. पण आठवड्यातून एक तास त्यांनी वेगळा काढला होता. त्या तासाला गाईड घेऊन येणाऱ्याला वर्गाबाहेर काढायचे. घरात, रस्त्यावर, दुकानात जे छापलेलं सापडेल ते घेऊन यायचं आणि त्याच्या बाजूच्या कोऱ्या जागेत तीन प्रश्न लिहायचे. हे कोण सांगतंय? कशावरून सांगतंय? आणि सांगताना काय गाळलंय? बस्स. मग त्या तिन्हीची उत्तरं आपल्या भाषेत लिहून काढायची.

मला हे सगळं इंदूनं काहिलीपाशी सांगितलं. काहील म्हणजे केवढी! तिच्यात दोन बैल बसतील. खाली हळदीच्या वाळल्या पाल्याचा जाळ, वर ओली पोती झाकलेली, पोत्यांच्या फटीतून वाफ. आई काठीनं पोतं उचलून बघत होती आणि ऐकत होती. ती म्हणाली, “कालिजात जाती का कोर्टात? असलं तर वकील इचारत्यात.”

त्या हंगामातली माझी पहिली आठवण म्हणजे इंदूचं रडणं. सरांनी निबंध लिहायला सांगितला होता, ‘माझे गाव’. तिनं लग्नाआधीचं गाव धरलं. शाळेत तिचा निबंधात नेहमी पहिला नंबर, त्यामुळे झोकात लिहिला. कागद परत आला तो लाल शाईनं नाही, साध्या पेन्सिलीनं एकच ओळ लिहून. ती कागद माझ्या अंगावर टाकून चुलीकडं तोंड करून बसली.

मी अक्षरं लावत लावत वाचलं. ‘माझे गाव निसर्गाच्या कुशीत वसले आहे. गावाच्या कडेने माणगंगा झुळझुळ वाहते. तिच्या काठी हिरवीगार वनराई आहे.’ आणि समासात सरांची पेन्सिल: ‘तुमच्या नदीला वर्षातून किती महिने पाणी असतं?’

मी मोठ्यानं हसलो. मी म्हसवडला जाऊन आलो होतो. वरात नदीच्या पात्रातून गेली होती आणि माझ्या नव्या वहाणांत वाळू भरली होती. म्हटलं, “अगं, तितं कुठं नदी झुळझुळती? बाया वाळू उकरून पाणी भरत्यात की!”

“ठाव हाय मला!” ती फणकारली. “मीच उकरलीय धा वर्षं.”

“मग लिवलंस कशापायी?”

ती डोळे पुसत म्हणाली, “आवं, निबंधात नदी झुळझुळच वाहती. असंच लिहित्यात.”

हे बोलली आणि तिचं तिलाच ते ऐकू आलं. मग तोंडावर पदर धरून हसायला लागली. आई विचारते आहे, काय झालं, काय झालं, आणि हिला बोलता येईना. मला ते हसणं अजून दिसतं. वाफेनं ओलं झालेलं तोंड, हाताला हळद, डोळ्यांत अर्धं रडू. ‘सदा हसतमुख’ लिहिणाऱ्यानं ते एकदा बघायला पाहिजे होतं. ती सदा हसत नव्हती. हसायला कारण लागायचं, आणि ते कारण बहुतेक वेळा तिची स्वतःची चूक असायची.

तिच्या शाळेतल्या सगळ्याच पोरींनी झुळझुळ लिहिलं होतं म्हणे. ज्यांनी आयुष्यात वाहतं पाणी महिनाभर बघितलं नाही त्या सगळ्यांनी. गुरुजींनी फळ्यावर तेच लिहून दिलेलं, गुरुजींना त्यांच्या गुरुजींनी. आणि गंमत म्हणजे परीक्षकही माणदेशातलेच. सगळ्यांना ठाऊक, नदी कोरडी. सगळ्यांनी मिळून ती कागदावर भरून वाहवली होती.

त्या दिवसापासून घरात कागदाची खैर राहिली नाही. लग्नपत्रिका आली, इंदूचा प्रश्न. साखर बांधून आणलेला कागद सोडला, इंदूचा प्रश्न. चावडीच्या भिंतीवर कुस्त्यांच्या मैदानाचा फलक लागला, ‘महाराष्ट्रातील नामांकित मल्लांच्या जंगी कुस्त्या’. तालमीतला माझा दोस्त बाजी तो फलक अभिमानानं दाखवायला घेऊन आला, कारण त्यात त्याचंही नाव होतं.

इंदू म्हणाली, “भाऊजी, नामांकित कशावरून?”

बाजीचं तोंड बघण्यासारखं झालं. “कशावरून म्हंजे? छापलंय की वैनी!”

“छापलं कुणी?”

“आमीच.”

“मग तुमीच तुमाला नामांकित म्हणताय व्हय?”

बाजी मला म्हणाला, “ज्ञानू, गड्या, हिला कालिजातनं काढ. न्हाईतर गावात कुणाला तोंड दावता येणार न्हाई.” पण गडी सरळ होता. पुढच्या मैदानाच्या वेळी स्वतः येऊन म्हणाला, वैनी, तुमीच लिवून द्या. तिनं कुणाची कुस्ती कुणाबरोबर, ती कुठल्या डावासाठी ओळखला जातो आणि मागची कुस्ती कशी सुटली, एवढंच लिहून दिलं. फलक वाचायला माणसं थांबायला लागली. नामांकित शब्दावर कुणीच थांबत नव्हतं.

मी ह्यातून सुटलो नाही. ती म्हणाली, मला वाचायची सवय ठेवायची तर समोर लिहिणारा पाहिजे. तुमी रोज दोन ओळी लिवा. माझं अक्षर म्हणजे मुंग्या मेल्यासारखं. पहिल्या दिवशी लिहिलं, ‘आज हळद चांगली शिजली.’ लगेच बाजूला तिची पेन्सिल: ‘चांगली कशावरून?’ मला राग आला. चार पिढ्या आम्ही हळद शिजवतो, आणि ही कालची पोरगी विचारते कशावरून! पण उत्तर देताना मला थांबावं लागलं. मग लिहिलं: ‘वर फेस आला. वाफेचा वास पालटला. हळकुंडाला काडी टोचली ती आरपार गेली.’ तिनं वाचलं आणि म्हणाली, “हां. आता मला शिजल्याली दिसली.”

मी तो कागद बराच वेळ बघत बसलो. हळद तीच, मीच शिजवलेली. पण पहिल्या ओळीत ती नव्हतीच. ती नुसती माझी खुशी होती. दुसऱ्यात हळद होती. शाळेत मला मारून मारून बाराखडी शिकवली, पण अक्षरात वस्तू धरता येते हे कुणी सांगितलं नव्हतं. ते मला बायकोनं शिकवलं, आणि हे सांगायला मला कसलीही लाज वाटत नाही.

एकदा मला वाटलं, आपणही तिला काहीतरी सांगावं. हळद उन्हात वाळवून, घासून बाजारात नेली की व्यापारी तिचा वरचा रंग बघत नाही. तो हळकुंड घेतो आणि मोडतो. टक्कन आवाज आला पाहिजे आणि आतनं केशरी निघाली पाहिजे. मी म्हटलं, “तुमच्या सरांचं म्हणणं एवढंच ना, वाचल्यालं मोडून बघा?”

मला वाटलं, खूश होईल. ती विचार करत म्हणाली, “अर्धंच. मोडलेलं हळकुंड परत जुळत न्हाई. आमाला मोडून झाल्यावर जुळवूनबी दावायला लागतं. खोटं हाय म्हणून सोडून दिलं तर सर निम्मेच मार्क देत्यात. इचारत्यात, मग खरं काय ते लिवा.”

हे मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं. नाव ठेवणं सोपं आहे. आमच्या पारावर बसून दिवसभर तेच चालतं. पेपरवाला खोटा, पुढारी खोटा, हवामानवाला खोटा. मोडायचं आणि उठून जायचं. इंदूला असली माणसं अजिबात चालत नसत. अलीकडं गावातल्या बायकांच्या मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये कुणीतरी टाकायचं, अमुक पाल्याचा रस प्या, साखरेचा आजार पळतो, दहा जणांना पुढं पाठवा. ही तिथं विचारायची, कशावरून? पण नुसतं विचारून थांबायची नाही. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंना गाठून, विचारून, चार ओळींत लिहून टाकायची. एकदा त्या ग्रुपमधून तिला काढून टाकलं. आठवड्यानं परत घेतलं, कारण दवाखान्याचे कागद कुणाला कळेनात.

‘माझे गाव’ तिनं दुसऱ्यांदा लिहिला तो सांगलीच्या वाटेवर, बैलगाडीत. हळद बाजारला चालली होती, त्या दिवशी तिला एस.टी. चुकली म्हणून मी पोत्यांवर बसवलं. मी पुढं कासरा धरून आणि ती मागं पोत्यांच्या ढिगावर उंच, मांडीवर पाटी आणि पाटीवर वही घेऊन. दोन्ही बाजूंना तुटलेल्या उसाची रानं, पाचट जळल्याचा वास, डोक्यावर ऊन. रस्त्यानं जाणारी माणसं वळून बघत होती. हळदीच्या गाडीवर बसून लिहिणारी बाई त्यांनी पूर्वी बघितली नसणार.

“ऐका,” ती म्हणाली. “खोटं वाटलं तर थांब म्हणा.”

तिनं वाचलं. नदीच्या वाळूत खड्डा करायचा. कोपरापर्यंत हात जातो तेव्हा ओल लागते. मग पाणी झिरपतं, पण ते गढूळ. लहानपणी ती लगेच वाटी घालायची आणि आई हातावर चापट मारायची. गाळ बसू दे. पाणी आलंय म्हणजे झालं नाही, गाळ बसू दे. मग दोघी खड्ड्याच्या काठाला बसून राहायच्या, वाट बघत, आणि आई तोवर तिची वेणी घालायची. तिच्या साऱ्या वेण्या नदीत बसून घातलेल्या आहेत. शेवटी लिहिलं होतं, ‘आमची नदी वाहत नाही. ती थांबायला शिकवते.’

“थांब,” मी म्हटलं.

“खोटं वाटलं?”

“शेवटचं. नदी कशाला शिकवंल? आई शिकवत हुती की.”

वहीवर पेन्सिल खरखरली ती मला न बघता ऐकू आली. तिनं शेवटची ओळ खोडली होती. तिथं काहीच लिहिलं नाही. निबंध वेणीवर संपला.

संध्याकाळी तिनं तो आईला, म्हणजे तिच्या सासूला, वाचून दाखवला. आई भडकली. “नदीत पाणी न्हाई असं लिवून माहेरची लाज काढलीस व्हय गं?”

“आवं आत्याबाई, पाऊस पडत न्हाई ह्यात माहेराची कसली लाज?”

आई उठून चुलीकडं गेली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर आई पायरीवर बसलेली आणि पायाशी इंदू, आणि आई तिची वेणी घालते आहे. लग्न होऊन तिसरं साल, तोवर कधी घातली नव्हती. त्यानंतर पुस्तकं बंबात घालायची भाषा घरात निघाली नाही. पास-नापासाआधीच निकाल लागला होता म्हणा ना.

परीक्षेच्या आधी एकदा मी तिला न्यायला कॉलेजात गेलो. हात पिवळे, टोपी पिवळी. दाराशी उभा राहिलो तर चौगुले सरांनी आत बोलावून मागच्या बाकावर बसवलं. आणि तास सुरू असताना एकदम विचारलं, “काय हो पावणं, आत्ता हा विद्यार्थी काय म्हणाला?”

मी उभा राहिलो. म्हटलं, “खरं सांगू का सर? ध्यान बैलांकडं हुतं. एक जरा गडबड्या हाय.”

वर्ग फुटला. इंदूनं मान खाली घातली. सर हसत हसत म्हणाले, “बसा. न ऐकता ऐकलं म्हणणारे माझ्याकडं पुष्कळ आहेत. ऐकलं नाही म्हणणारे तुम्ही पहिले.” वाटेत इंदू गाडीत पाठ फिरवून बसली. पूल ओलांडल्यावर म्हणाली, “गडबड्या कुठला बैल? दोन्ही तर गरीब हायत.” मी म्हटलं, “कशावरून?” तिनं पाठीत बुक्की घातली.

ती पास झाली. पुढंही झाली. नोकरी केली नाही. लोक मला विचारतात, मग एवढं शिकून उपयोग काय झाला? हा प्रश्न मला मूर्खपणाचा वाटतो आणि मी तसं तोंडावर सांगतो. ह्या गावात तिनं वाचून दाखवल्याशिवाय बायका कागदावर अंगठा उठवत नव्हत्या. माझ्यासारखा माणूस हे लिहितो आहे. आणखी काय उपयोग पाहिजे? शिकणं म्हणजे काय भोपळा आहे, वेलावर दिसलाच पाहिजे?

तर तो विलासचा कागद. विलास चहा पिऊन परत माझ्यापाशी येऊन बसला. शेजारच्या रानात यंत्र धडधडत होतं, वाफ कुंपणावरून आमच्याकडं येत होती.

“बरं, तुम्ही सांगा. मी लिहितो,” तो म्हणाला.

मी घसा साफ केला. म्हटलं, “लिव. इंदू लय चांगली बाई होती.”

आणि तिथंच अडकलो. समासात पेन्सिल आलीच. चांगली कशावरून? हाही नामांकित मल्लांसारखाच शब्द की. मी म्हटलं, खोड. मग म्हटलं, हुशार. खोड. धीराची. खोड. मोठी गंमत झाली. दुसऱ्याचं खोटं मी एका नजरेत मोडलं होतं. पण जुळवायची वेळ आली तर माझ्याकडंही तेच वरनं घासून पिवळे केलेले शब्द. अर्धं शतक जिच्याबरोबर काढलं तिच्यासाठी माझ्या तोंडात एक खरी ओळ येईना. वाळूत कोपरापर्यंत हात गेला आणि नुसता गाळ.

गाळ बसू दे म्हटलं.

विलासनं पेन खाली ठेवलं. “आप्पा, प्रेमळ एवढा एक शब्द तरी राहू दे. ते काही खोटं नव्हतं.”

मी त्याच्याकडं बघितलं. मला त्याला दुखवायचं नव्हतं. पण मला तिचंच विचारायचं होतं, आणि तिच्याच आवाजात ते आलं. “कशावरून रं?”

तो चिडेल असं वाटलं. तो कुंपणाकडं बघत राहिला. मग म्हणाला, “हॉस्टेलवरून.”

“म्हंजे?”

“साताऱ्याला हॉस्टेलवर होतो, पहिलं वर्ष. मी पत्र टाकायचो. पानभर लिहायचो, जेवण वाईट, आंघोळीला रांग, अमक्यानं तमकं केलं. एकदा कार्डावर नुसतं लिहिलं, मी मजेत आहे. दुसऱ्या काही ओळी नाहीत. ते पोचलं असेल त्याच्या दुसऱ्या दिवशी आई दारात. हातात भाकरीचं फडकं. मी म्हटलं, अगं, मजेत आहे म्हणून लिहिलं होतं की. तर म्हणाली, ‘तेवढंच लिवलंस. काय गाळलंस ते बघाय आले.’”

“काय गाळलं हुतंस?”

“रोज रडत होतो, आप्पा. शाळा सोडून यायचं ठरवलं होतं. तिनं काही विचारलं नाही. भाकरी खायला घातली, मैदानाच्या कट्ट्यावर बसली माझ्याबरोबर, संध्याकाळच्या गाडीनं गेली. मी राहिलो.”

हे मला ठाऊक नव्हतं. ती मला सांगून गेली होती की साताऱ्याला चुलत बहिणीकडं जाते. मला फसवलं म्हणून राग येईना. यंत्राचा आवाज थांबला होता. हळद उतरवत असणार. आम्ही दोघे बाप-लेक मोकळेपणानं रडलो. त्याच्या आईच्या दिवसकार्याला जे नीट जमलं नव्हतं ते त्या दिवशी जमलं.

“लिव,” मी म्हटलं. “हेच लिव.”

काल वर्षश्राद्ध झालं, आणि पेपरातही आलं. फोटोखाली तिचं नाव, आणि मग:

‘मुलानं हॉस्टेलवरून “मजेत आहे” एवढंच लिहिलं, तर काय गाळलं ते बघायला ही दुसऱ्या दिवशी भाकरी घेऊन साताऱ्याला गेली.’

खाली आमची नावं. अभिवादन वगैरे काही नाही. कालपासून माणसं येऊन जात आहेत. बाजी काठी टेकत आला, म्हातारा झाला आहे, त्याच्या डोळ्यांना दिसत नाही. नातवाकडून वाचून घेतलं म्हणाला. “वैनीच हाय ही,” म्हणाला. “दुसरी कुणाची न्हाई.” मला एवढंच ऐकायचं होतं.

आज सकाळी विलास परत गेला, दुपारी त्याचा साताऱ्याहून फोन आला. “पोचलो. तुम्ही कसे आहात, आप्पा?”

म्हटलं, “मजेत हाय.”

वर्षभर मी सगळ्यांना हेच सांगत आलो आहे आणि वर्षभर सगळे बरं म्हणून फोन ठेवत आले आहेत. ह्या वेळी पलीकडून बरं आलं नाही. मला वाटलं, फोन बंद पडला.

“कशावरून?” विलास म्हणाला.

मी पायरीवर नीट टेकून बसलो. शेजारच्या रानातली वाफ अंगणात आली होती. म्हटलं, “तुला येळ हाय का रं जरा?”